मुंगीताईंचा हात आणि बिनबापाचे मुलगे

तिसऱ्या मजल्यावरच्या मुंगीताई मुंग्यांची डोकी फोडून मेंदू काढतात, तो वाळवून त्याची पूड करतात आणि रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातून घेतात; म्हणूनच कुणी कुणाची शिडी कोणत्या साली नेली आणि परत केली नाही, हे त्यांना तारखेनिशी आठवतं, अशी बातमी एके काळी सगळ्या जिन्यात पक्की होती. पुरावेही होते. ताईंच्या पिशवीला आंबूस वास यायचा. बोटांची टोकं निळी-जांभळी असायची. आणि घरात साखरेचं झाकण कायम उघडं असूनही ओट्यावर मुंगी म्हणून दिसायची नाही. "घाबरतात बिचाऱ्या," असं तळमजल्यावरच्या वन्सं हळू आवाजात सांगायच्या. आणि वन्संचा हळू आवाज गच्चीवरच्या कबुतरांनाही ऐकू जायचा.

वन्सं म्हणजे ताईंची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. ताई तिला वन्सं म्हणत, म्हणून सगळी इमारतच तिला वन्सं म्हणू लागली. बातमीचा उगम कुठे, हे सांगायला नको.

तर त्या बातमीतला मेंदू तेवढा खरा होता. पूड खोटी, कोमट पाणी खोटं. मेंदूही मुंगीचा नसे, मुंगीच्या अळीचा असे. आणि ताई तो काढायच्या, ते पगार घेऊन काढायच्या, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.

ताई एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायक होत्या. एकतीस वर्षं एकच खुर्ची, फक्त तिची गादी दोनदा बदललेली. कामाचं स्वरूप कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "सोयरीक जुळते का बघते." आणि ते खरंच होतं. जगात अशा पुष्कळ मुंग्या आहेत की ज्या बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात. पाय तेवढेच, कंबर तेवढीच, रंगही तोच. एकच जात की दोन, हे भिंगाखाली धरूनही ठरत नाही. मग आत बघावं लागतं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आखूड दोऱ्यांसारखी, आणि एका जातीत त्यांची संख्या बहुतेक ठरलेली असते. एकीत अठरा निघाली आणि दुसरीत बावीस, तर घराणी वेगळी असल्याचा संशय घ्यायला जागा होते. संशय घेणं हा वन्संचा छंद. ताईंची ती नोकरी.

मोजायचं तर पेशी विभागत असतानाच पकडावी लागते, कारण तेवढ्याच वेळात गुणसूत्रं सुटी-सुटी दिसतात. तशा पेशी भरपूर सापडतात त्या कोषात जाण्याच्या बेतात असलेल्या अळीच्या मेंदूत. अळीच्या पोटात एक काळा ठिपका असतो, जन्मभराचा साठलेला मळ. तो तिने टाकला आणि ती दुधासारखी पांढरी झाली की तो दिवस. एक दिवस आधी गेलात तर घाई, दोन दिवस उशीर केलात तर संपलं. टाचणीच्या टोकाएवढा मेंदू चिमट्याने अलगद सोडवायचा, विभाजन मध्येच थांबवणाऱ्या औषधात ठेवायचा, पेशी फुगवायच्या, आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने काचपट्टीवर पसरायच्या, वाळवायच्या, जांभळ्या रंगात बुडवायच्या. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि मोजायचं.

चिमटा मात्र संस्थेचा नव्हता. ताईंचे यजमान घड्याळजी. कोपऱ्यावर दोन माणसं उभी राहिली की भरणारं त्यांचं दुकान. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दुकानातला सर्वांत बारीक चिमटा नाहीसा झाला. घड्याळजींनी आठवडाभर गिऱ्हाइकांवर संशय घेतला. चोर घरातच निघाला.

"अगं, परदेशी चिमटा तो! मुंग्यांच्या डोक्यात घालतेस?"

"तुमच्या घड्याळांपेक्षा मुंग्या वेळेवर चालतात," ताई म्हणाल्या, आणि चिमटा तिकडेच राहिला.

ताईंच्या दोन सवयी होत्या. काचपट्टीवरची खूण त्या कायम पेन्सिलीनेच लिहायच्या, कारण अल्कोहोलचा थेंब पडला की शाई पळून जाते. आणि मोजायला बसण्याआधी त्या खुणेवर कागदाची पट्टी चिकटवायच्या. कोणत्या वारुळातली अळी हे मोजून होईपर्यंत बघायचं नाही. "आपलं मन फार लबाड असतं," त्या म्हणायच्या, "जे हवं तेच मोजतं." विभागात या पट्ट्यांची थोडी थट्टाच व्हायची. सर्वांत जास्त थट्टा साहेब करायचे.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त बरोबर होता. कायम, न चुकता बरोबर. कालव्याच्या काठाला एक लांबच लांब दगडी भिंत होती आणि तिच्या फटींतून तपकिरी मुंग्यांची शेकडो वारुळं. साहेबांनी तरुणपणी त्या मुंग्यांचे पाय मोजून, डोक्यांची रुंदी मोजून एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्यात ठाम म्हटलं होतं, की भिंतीवरची ही सारी मुंगी एकाच जातीची. त्या पुस्तकावर साहेबांची खुर्ची उभी होती असं म्हटलं तरी चालेल.

पुढे ताईंनी त्याच भिंतीवरच्या अळ्या घेतल्या आणि गुणसूत्रं मोजली. काही वारुळांत अठरा निघाली. काहींत बावीस. एका फटीत अठरा आणि वीतभर पलीकडच्या फटीत बावीस. ताईंनी नोंदवही पुढे ठेवली, तेव्हा साहेब म्हणाले, "असं असतं हो कधी कधी." चार वर्षं ते असंच असत राहिलं.

मग ताईंच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना त्याच भिंतीच्या पुलाखालच्या भागातल्या एका वारुळात वीस निघाली. एका अळीत, दुसऱ्या अळीत, दहाच्या दहा अळ्यांत वीस. ताईंना घाम फुटला. साहेबांना हर्ष झाला.

"बघा!" साहेब टेबलावर बोटाने ताल धरत म्हणाले. "अठरा आणि बावीस, मध्ये किती? वीस. खरी संख्या वीस आहे, बाई. सगळ्यांचीच. अठरा येतात तेव्हा पसरताना तुमच्याकडून दोन हरवतात. बावीस येतात तेव्हा दोन तुटतात. वय झालं की हात थरथरतो, त्यात कमीपणा नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती महिन्याभरात छापायला जातेय, त्यात घालून टाकतो: संख्या वीस, आधीच्या नोंदींत हातचुकी."

"हातचुकी," ताई म्हणाल्या.

"नाव नाही हो घालत तुमचं."

नाव घालायची गरजच नव्हती. त्या विभागात एकतीस वर्षांत हात एकच होता. आणि चार वर्षांच्या नोंदी हातचुकीच्या ठरल्या की आधीच्या सत्तावीस वर्षांच्या वह्याही कुणी तरी संशयाने उघडणार, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

त्यातून ताईंच्या मनात एक काटा होता, आणि तो साहेबांनी रोवलेला नव्हता. हात खरंच थरथरायचा. वर्षभरापासून चहाचा कप बशीत ठेवताना खुळखुळायचा. वन्संच्या नजरेतून तो सुटला नव्हताच. "वहिनीला कंप सुटलाय, नोकरीतून काढतायत" ही पुढची बातमी त्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचवली होती. ताईंना वाटायचं, भिंगाखाली कोपर टेकवलं, श्वास रोखला, की हात दगडासारखा होतो. पण हे आपल्याला वाटतं. वाटणं आणि असणं यांत फरक पडला असेल तर सांगणार कोण?

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. पाठमोरेच म्हणाले, "दोन घड्याळं आली समज. एक नऊ दाखवतंय, एक अकरा. म्हणून दहा वाजलेत असं नाही म्हणत कुणी."

"मग काय म्हणता?"

"मी म्हणतो, दोन वेगळ्या मालकांची असतील. आपापल्या गावची वेळ दाखवत असतील." किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली. "तुझा साहेब मधला काटा धरतो. त्याला दुकानात ठेवणार नाही मी."

ताई हसल्या, पण नऊ आणि अकरा हे आकडे त्यांच्या कानात अडकले. अठराच्या निम्मे नऊ. बावीसच्या निम्मे अकरा. आणि निम्मे म्हटलं की त्यांना डबा आठवला.

डब्याची गोष्ट अशी. मुंग्यांच्या राज्यात एक भानगड असते. राणी फलित अंडं घालते त्यातून मुली होतात, म्हणजे कामकरी मुंग्या आणि पुढच्या राण्या. फलित न झालेल्या अंड्यातून होतात मुलगे. मुलग्याला बाप नसतोच. म्हणून त्याच्याकडे गुणसूत्रं निम्मी, सगळी आईकडून आलेली. ताईंनी हे एकदा वन्संना समजावून सांगितलं होतं.

"अगं बाई! बिनबापाची?" वन्सं पदर सावरून बसल्या होत्या.

"बाप नसतो. आजोबा असतात. आईचे वडील."

"बाप नाही आणि आजोबा आहेत! कसली गं घरं ही!" आणि दुसऱ्या दिवशी वहिनीच्या ऑफिसात कुणाच्या तरी बापाचा पत्ता नाही, असं जिन्यात ऐकू आलं.

साहेबांच्या लेखी मात्र हे मुलगे कुचकामी. प्रयोगशाळेच्या भिंतीवर त्यांनीच लावलेला सूचनांचा तक्ता होता आणि त्यातली चौथी सूचना म्हणायची: नर अळ्या वगळाव्यात, निम्मी संख्या मिळते, उपयोग नाही. पण मोठी अळी नराची की होणाऱ्या राणीची, हे बाहेरून कुठे कळतं? मोजल्यावरच कळतं, आणि तोवर काचपट्टी तयार झालेली असते. ताईंच्या हातून चांगली वस्तू टाकवत नसे. घरी त्यांनी तुटलेल्या कपांचे कानही जपून ठेवले होते. रंगाची नवी बाटली आली की ती पारखायला म्हणून त्या या काचपट्ट्या ठेवून द्यायच्या, बिस्किटांच्या एका चपट्या डब्यात, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून. डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मुलगे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा काढला. भिंतीवरच्या वारुळांतले चार वर्षांचे मुलगे, एकूण चौसष्ट. शिवाय पुलाखालच्या त्या वीसवाल्या वारुळातही मोठ्या अळ्या होत्या. ताई रोज त्यांच्या पोटातला काळा ठिपका बघत बसल्या. पाचव्या दिवशी सात अळ्या पांढऱ्या झाल्या. मेंदू सोडवताना आपला हात कसा आहे, हे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. सातही मुलगे निघाले. मग सगळ्या एकाहत्तर काचपट्ट्यांच्या खुणांवर त्यांनी कागद चिकटवला, डबा उचलला आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हे मोजाल का?"

"मी? मोजायला तुम्ही आहात ना."

"माझा हात थरथरतो. तुमचा डोळा चांगला आहे."

साहेबांनी डबा जवळ ओढला. "काय आहे हे?"

"मुलगे. तुम्ही म्हणता सगळ्यांची वीस. मग त्यांच्या मुलग्यांची किती यायला हवीत?"

"दहा," साहेब म्हणाले. विषय त्यांचाच होता, उत्तर तोंडात तयार.

"मग दहा शोधून द्या. माझ्या हातून दोन हरवत असतील, दोन तुटत असतील, तरी एकाहत्तरांत एक तरी मुलगा धड उतरला असेल. दहा सापडले की मीच लिहून देते, हातचुकी म्हणून. नावानिशी."

साहेबांना हे आव्हान आवडलं. बरोबर असलेल्या माणसाला मोजायची भीती नसते. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि डोळा लावला. ताई शेजारी स्टुलावर वही घेऊन बसल्या.

"नऊ," साहेब म्हणाले. "नऊ. अकरा. नऊ." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळा लावला. "अकरा."

पहिल्या दिवशी तीस झाल्या. दहा नाही. दुसऱ्या दिवशी साहेब कोट न घालताच आले. एकेका काचपट्टीवर ते दहा-दहा पेशी बघू लागले, मग पंधरा. एका काचपट्टीवर सगळ्या नऊ, दुसरीवर सगळ्या अकरा. एकाच काचपट्टीवर थोड्या नऊ आणि थोड्या अकरा असंही कुठे नव्हतं, आणि हात थरथरत असता तर तसंच दिसलं असतं. ताई वहीत आकडे उतरवत होत्या. त्यांना आता वेगळीच धडकी होती. दोन दिवस सगळं बरोबर येत होतं, आणि इतकं बरोबर येणं त्यांना एकतीस वर्षांत कधी मानवलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब ओरडले, "दहा!"

ताईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"दहा, बाई! स्वच्छ दहा! या, बघा!"

ताई उठल्या. डोळा लावला. एक, दोन, तीन... दहा होती खरी. त्यांनी श्वास सोडला, पुन्हा रोखला, कोपर टेबलावर टेकवलं आणि सूक्ष्मदर्शकाची बारीक चक्री अगदी केसभर फिरवली. डावीकडच्या कोपऱ्यातलं जाडसर गुणसूत्र धूसर झालं आणि त्याच्या खालून दुसरं स्पष्ट झालं. एकावर एक पडलेली दोन.

"साहेब, या जाड्याकडे बघा. चक्री हलवून."

साहेबांनी चक्री हलवली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग त्याच काचपट्टीवरच्या शेजारच्या पेशी त्यांनी एकेक करून मोजल्या. सगळ्या अकरा.

"अकरा," साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच, फक्त थोडा खालच्या पट्टीतला.

संध्याकाळपर्यंत एकाहत्तर झाल्या. नऊ आणि अकरा, अकरा आणि नऊ. ताईंनी कागदाच्या पट्ट्या सोलून काढल्या. अठरावाल्या वारुळांतले सगळे मुलगे नऊचे. बावीसवाल्यांतले सगळे अकराचे. आणि पुलाखालच्या वीसवाल्या वारुळातले सातही मुलगे अकराचे.

साहेब खुणांकडे बघत राहिले. हुशार माणूस, एकदा बघितल्यावर समजावून सांगावं लागलं नाही. मुलग्यांची अकरा, म्हणजे आई बावीसच्या घराण्यातली. मुलींची वीस, म्हणजे अकरा आईकडची आणि नऊ कुठून तरी आलेली.

"राणीने परक्या घराण्यातला नवरा केला," साहेब म्हणाले.

"एकीने. मुली झाल्या, त्या कामाला लागल्या. पण ते रक्त पुढे गेलं असतं, तर भिंतीवर कुठे तरी दहाचा मुलगा सापडला असता."

"दोन जाती आहेत."

"मी मोजते फक्त," ताई म्हणाल्या.

साहेबांनी कोट घालायला घेतला आणि लक्षात आलं की आज तो आणलाच नव्हता. दारात थांबून म्हणाले, "चौथी सूचना काढून टाका तक्त्यावरची." ताईंनी ती काढली नाही. तिच्यापुढे पेन्सिलीने एवढंच लिहिलं: डबा बघावा.

नवी आवृत्ती दोन आठवडे उशिरा छापली गेली. कालव्याच्या भिंतीवरच्या मुंगीचं प्रकरण दुप्पट लांब झालं होतं आणि त्यात दोन जाती होत्या. हातचुकी हा शब्द कुठे नव्हता. शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत ताईंचा उल्लेख आला होता, छायाचित्रकार आणि टंकलेखक यांच्या मध्ये. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी स्वतः प्रत आणून दिली. कॉफी पाजली. ताईंचा कप बशीवर खुळखुळला. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. चिमटा ताईंनी रुमालात गुंडाळून घरी नेला आणि घड्याळजींच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो भिंगाखाली धरून पाहिला, टोकं एकमेकांवर बरोबर बसतात का तपासलं, आणि म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच. आता याला घड्याळांची सवय राहिलेली नाही."

वन्संना सगळी हकीकत कळली ती अर्थातच अर्धी. साहेबांना तीस वर्षं जे कळलं नाही ते वहिनीने दोन दिवसांत दाखवलं, एवढी त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि उरलेली अर्धी मिळवायला त्या तीन जिने चढून वर आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या, साखरेच्या उघड्या डब्यात एकदा डोकावल्या.

"वहिनी, खरं सांग हं. एवढा शिकलेला माणूस, एवढं मोठं पुस्तक, आणि त्याला कळलं नाही. तुला कळलं. मग मेंदू कुणाला जास्त म्हणायचा गं? त्याला की तुला?"

ताई कप बशीत ठेवत होत्या. तो खुळखुळला, थांबला.

"मुंगीला असतो, एवढं मी छातीठोक सांगते, वन्सं. साहेबांचा आणि तुमचा अजून काढून बघितलेला नाही."